बारा आठवडे सालामांकात आणि जेवणानंतरचा एक तास

ही हकीकत जानेवारी ते एप्रिल २०२४ मधली. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. जिच्याबद्दल लिहिते आहे ती मुलगी ए-१ या सगळ्यात खालच्या पातळीपासून, म्हणजे अगदी 'ओला'पासून (नमस्कारापासून), तीन वर्षं माझ्याकडे होती. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, एक-दोन बदललेही आहेत. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा मॅडम, फक्त नाव नको. आणि आईच्या हाती लागलं तर मी हो म्हटलं होतं असं सांगू नका."

पार्श्वभूमी

वय चोवीस, शिक्षण कॉमर्सचं. वर्गात कायम पहिली. क्रियापदांची रूपं तिला पाढ्यांसारखी पाठ होती. सबजंक्टिव्हच्या, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या क्रियापदरूपांच्या, नावाने इतर मुलं कण्हायची, तेव्हा ही आनंदाने वही उघडायची. हिंजवडी-बाणेरच्या कंपन्यांत स्पॅनिश येणाऱ्यांना जागा निघतात आणि तिथे बहुतेक ठिकाणी बी-२, म्हणजे चौथी पातळी, विचारतात. तिला 'देले' या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र-परीक्षेचं बी-२ हवं होतं.

'देले'ची एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. परीक्षेचे दोन गट असतात. पहिल्यात वाचन आणि लेखन, दुसऱ्यात ऐकणं आणि बोलणं. प्रत्येक गट ५० गुणांचा आणि प्रत्येकात किमान ३० लागतात. पहिल्यात ४८ मिळाले म्हणून दुसऱ्यातले २८ चालत नाहीत. आमच्याकडची कितीतरी हुशार मुलं नेमकी इथे अडकतात.

तेव्हा 'इमर्शन'ला, म्हणजे भाषा बोलतात तिथेच राहून शिकायला, जायचं ठरलं: स्पेनमधलं सालामांका, बारा आठवडे, आठवड्याला वीस तासिका, एका स्पॅनिश घरात राहणं आणि तिन्ही वेळचं जेवण तिथेच. गाव मी सुचवलं होतं. माद्रिदहून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, बसने अडीच तास. विद्यापीठ १२१८ सालचं. नेब्रिखा या व्याकरणकाराने लिहिलेलं कास्तिलियन भाषेचं पहिलं छापील व्याकरण १४९२ मध्ये याच गावात छापलं गेलं. तिथले लोक स्पष्ट बोलतात, गाव पायी फिरण्याएवढं आहे आणि भाषा शिकवणाऱ्या संस्था गल्लोगल्ली आहेत. यातल्या शेवटच्या गोष्टीचा अर्थ मी तेव्हा नीट लावला नाही. जिथे भाषेच्या संस्था गल्लोगल्ली, तिथे परदेशी विद्यार्थीही गल्लोगल्ली. आणि त्यांची आपसातली भाषा इंग्रजी.

बाराच आठवडे का? शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. २० जानेवारीला पोहोचून १४ एप्रिलला निघायचं म्हणजे ८६ दिवस. तिथे गेल्यावर मुदत वाढवून घेऊ, हा विचार या व्हिसावर करायचाच नसतो. म्हणजे हाताशी ठरावीक दिवस, एकही वाया घालवायचा नाही. खर्च विमानभाड्यासकट पाच लाखांच्या आसपास. वडिलांनी एफडी मोडली होती आणि ते तिला विसरू देणाऱ्यातले नव्हते.

अडचण

पहिला आठवडा फोटोंचा होता. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरच्या नक्षीत एका कवटीवर छोटा बेडूक कोरलेला आहे. कुणी न दाखवता जो शोधून काढेल त्याला परीक्षेत यश, असं तिथे म्हणतात. हिने तो दुसऱ्या दिवशी शोधला. मला फोटो आला, खाली सात उद्गारचिन्हं.

तिसऱ्या आठवड्यात रविवारी फोन आला. आवाज बसलेला.

"मॅडम, मला काही येत नाहीये. वर्गात सगळे बोलतात, मी वाक्य मनात तयार करेपर्यंत विषय बदललेला असतो."

"वर्ग कुठला दिलाय?"

"बी-२. लेखी चाचणीत चांगले पडले ना."

म्हणजे मेख तिथेच होती. प्रवेशाची चाचणी ऑनलाइन, पर्याय निवडायची. तीत ती बी-२ ठरली. तोंडी चाचणी पोहोचल्यावर झाली ती पाच मिनिटांची, आणि तिने आपली ओळख घोकून ठेवलेली होती. वर्गात बाकी बहुतेक इटालियन आणि ब्राझीलची मुलं. त्यांचं व्याकरण हिच्यापुढे काहीच नाही, पण तोंड मात्र न थांबता चालायचं. इटालियन माणूस चुकीचं स्पॅनिश ज्या आत्मविश्वासाने बोलतो, तेवढ्या आत्मविश्वासाने आपण बरोबर मराठीही बोलत नाही.

मी तिला एक काम दिलं. तीन दिवस वहीत लिही: वर्गाबाहेर तुझ्या तोंडून स्पॅनिश किती मिनिटं निघालं. ऐकलेलं, वाचलेलं धरायचं नाही. आकडे आले: २२, १४, १९. त्यात 'ग्रासियास' (धन्यवाद), 'मुई रिको' (छान झालंय) आणि 'ब्वेनास नोचेस' (शुभ रात्री) धरून. स्पेनमध्ये राहून दिवसाला वीस मिनिटंसुद्धा नाहीत. पुण्यात माझ्या वर्गात याहून जास्त बोलायची.

मग दिवस कुठे जात होता? सकाळी नऊ ते एक वर्ग. मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुलांशी इंग्रजी. अडीचला घरी जेवण. साडेचारला ग्रंथालय. सालामांकात 'शिंपल्यांचं घर' म्हणून एक जुना वाडा आहे, भिंतीवर तीनशेहून जास्त दगडी शिंपले. आत सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिथे ती आठ वाजेपर्यंत बसून व्याकरणाचे स्वाध्याय सोडवायची. जिथे बोलायची बंदी असते अशी गावातली एकुलती एक जागा तिने निवडली होती. रात्री साडेनऊला जेवण, शेजारी खोलीतली सोबतीण, एक डच मुलगी. तिचं इंग्रजी फर्डं, त्यामुळे ताटावर इंग्रजी. घरमालकीण सेन्योरा, पासष्टीच्या, मुलगा माद्रिदला. त्या अधूनमधून काही विचारायच्या, या दोघी 'सी, सी' (हो, हो) म्हणायच्या.

संवादाच्या देवघेवीसाठी 'इंतेरकांबियो' म्हणून प्रकार असतो: अर्धा तास तुझी भाषा, अर्धा तास माझी. हिने दोन ठिकाणी प्रयत्न केला. स्पॅनिश मुलांना मराठी नको होती, इंग्रजी हवी होती. भारतीय मुलीचं इंग्रजी सफाईदार आणि फुकट, मग कोण सोडतो? दोन्ही वेळा पूर्ण तास इंग्रजीत गेला.

आणि राहिला जेवणानंतरचा तास. तो मला त्या वहीत दिसलाच नाही. लक्षात आला आठवड्याभराने, आणि तोही अपघाताने.

फुटलेला ग्लास

चौथ्या आठवड्यात ताटं उचलताना हिच्या हातून पाण्याचा ग्लास फरशीवर पडला. हिने घाबरून सांगितलं, "रोम्पी एल बासो." व्याकरण शंभर टक्के बरोबर. सेन्योरा हसायला लागल्या. "मुद्दाम? का गं, माझ्यावर चिडलीस?" मग झाडू आणत म्हणाल्या, "नो, इखा. से मे आ रोतो."

रात्री तिने मला हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात. बरोबर वाक्याला हसल्या म्हणून.

मी विचारलं, "घरी आईच्या हातचा कप तुझ्याकडून फुटला असता तर आईला काय म्हणाली असतीस?"

"सॉरी आई, माझ्या हातून फुटला."

"'मी कप फोडला' म्हणाली असतीस?"

पलीकडे शांतता. मग "अय्या" एवढंच.

'रोम्पी एल बासो' म्हणजे 'मी ग्लास फोडला'. 'से मे आ रोतो' म्हणजे 'माझ्या हातून फुटला'. ग्लास कर्ता, मी नुसती बिचारी जवळ उभी. हा भेद मराठी माणसाला जन्मापासून येतो. 'आय ब्रोक द ग्लास' म्हणणाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. हिने तो शिकलेलाही होता, प्रकरण अकरा, स्वाध्याय चार. पण बोलताना तिचं डोकं आधी इंग्रजीत वाक्य करत होतं आणि मग स्पॅनिशमध्ये. इंग्रजी माध्यमातलं शिक्षण, इंग्रजीतली पाठ्यपुस्तकं, आणि शिकवणारी मीसुद्धा फळ्यावर अर्थ इंग्रजीत लिहिणारी. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. ज्याच्या त्याच्या घरात एक सरळ वाट असताना मी तीन वर्षं मुलांना लांबच्या रस्त्याने नेत होते.

बोलता बोलता तिने आणखी एक सांगितलं. "ग्लास पडला तेव्हा मी घाईत होते. आईचा व्हिडिओ कॉल लागायचा होता."

"रोज किती वाजता?"

"सव्वातीन. इकडे सगळ्यांचं जेवण झालेलं असतं आणि तिकडे पावणेआठ. आईची भाजी टाकून झालेली असते."

हिवाळ्यात स्पेन आपल्या साडेचार तास मागे. रोज सव्वातीनला ही खोलीत जाऊन दार लावून घ्यायची आणि तास-सव्वातास मराठीत बोलायची. आणि बाहेर टेबलाशी सेन्योरा, कधी शेजारीण, कधी आलेला भाचा, कॉफी घेऊन बसलेले. स्पॅनिशमध्ये या बसण्याला शब्द आहे: 'सोब्रेमेसा'. जेवण संपलं तरी टेबल सोडायचं नाही, गप्पा मारायच्या. तिथे कुणी शिकवत नाही, कुणी तपासत नाही. पाच लाखांत तिने जे विकत घेतलं होतं ते मुख्यतः हेच होतं, आणि ती रोज त्या वेळेला उठून जात होती.

समोर आलेले पर्याय

चौथ्या आठवड्याच्या शेवटी आम्ही तिघं, ती, तिचे वडील आणि मी, फोनवर बसलो.

परत येणं हा पर्याय वडिलांनी काढला, रागात. फीचे पैसे परत मिळणार नव्हते, तेव्हा तो दहा मिनिटांत मिटला. खरं सांगायचं तर तो मिटला पैशाने, विचाराने नाही. पैसे परत मिळाले असते तर ती आली असती असं मला अजून वाटतं.

घर बदलायचं, स्पॅनिश विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, हा तिचा आवडता पर्याय होता. मी विरोध केला. विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये प्रत्येकाची खोली वेगळी, जेवणाची वेळ वेगळी. तिथे दार लावून घेणं आणखी सोपं. आणि बोलायला उत्सुक असलेली पासष्टीची बाई सोडून कानात हेडफोन घातलेल्या बावीस वर्षांच्या मुलांकडे का जायचं?

घर सोडायचं आणखी एक कारण तिच्या मनात होतं, जेवणाचं. ती मांसाहार करत नाही, अंडं चालतं. हे अर्जात लिहिलेलं होतं. पहिल्या दिवशी तिने 'नो कोमो कार्ने' सांगितलं, मांस खात नाही. सेन्योरांनी मसुराची आमटी वाढली, तिच्यात हॅमचे तुकडे. त्यांच्या लेखी 'कार्ने' म्हणजे मांसाचा तुकडा; खामोन, म्हणजे हॅम, ही वेगळी गोष्ट, आणि तेही चवीपुरतं. शेजारच्या गिखुएलो गावचं खामोन नामांकित, त्यामुळे ते नाकारणं म्हणजे कोकणातल्या घरी आंबा नाकारण्यासारखं. दुसऱ्या दिवशी सॅलडवर ट्यूना. मग मी तिला पूर्ण यादी पाठ करायला लावली: 'नि कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन, नि काल्दो दे कार्ने'. मांस नाही, मासा नाही, खामोन नाही, मांसाचं पाणीही नाही. यादी म्हटल्यावर सेन्योरांनी मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. उलट फ्रिजवर चिकटवली. रोज बटाट्याचं आम्लेट आणि 'पिस्तो', म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची, दुधीसारख्या भाजीचं मऊ शिजवलेलं कालवण, मिळायला लागलं. हा प्रश्न घर बदलण्याचा नव्हता, वाक्य पूर्ण करण्याचा होता.

खासगी शिकवणी लावणं वडिलांना पटत होतं, कारण ते दिसणारं काम होतं. मला ते नको होतं. शिकवणीत शिक्षक विद्यार्थ्यासाठी थांबतो. बाजारात कुणी थांबत नाही, आणि हिला नेमकी न थांबणाऱ्या माणसांची सवय करायची होती.

राहिला वर्ग. मी म्हटलं, बी-२ सोडून बी-१ च्या वरच्या वर्गात जा. यावर सगळ्यात जास्त रडारड झाली.

"म्हणजे नापास?" ती.

"पैसे भरून खालच्या वर्गात?" वडील.

आपल्याकडे वर्ग हा जिना आहे, खाली उतरणं म्हणजे पडणं. मी समजावलं की व्याकरणासाठी नाही, तोंड उघडण्यासाठी. बी-२ मध्ये ती वर्गातली सगळ्यात मुकी, बी-१ मध्ये निदान मधली असेल. वडिलांना पटलं नाही, पण "तुम्ही म्हणता तर" म्हणाले. हे तीन शब्द किती जड असतात ते शिकवणाऱ्यांना माहीत असतं.

प्रत्यक्षात काय केलं

पाचव्या आठवड्यापासून ती बी-१ मध्ये गेली. माझा सल्ला अर्धाच बरोबर निघाला. संभाषणाच्या तासांना ती फुलली, व्याकरणाच्या तासांना कंटाळली. एकदा तर शिक्षिकेची फळ्यावरची चूक तिने दाखवली, आणि वर्गात थोडं वातावरण तापलं. तिथे पहिल्या दोन तासिका व्याकरणाच्या आणि पुढच्या दोन संभाषणाच्या असायच्या. तिनेच विचारलं, व्याकरणाला बी-२ आणि संभाषणाला बी-१ असं बसता येईल का? आधी नाही म्हणाले, गटाचा क्रम बिघडतो म्हणून. तिने दुसऱ्यांदा विचारलं, स्पॅनिशमध्ये, घाम पुसत, आणि सातव्या आठवड्यापासून परवानगी मिळाली. मला हा विचार सुचला नव्हता. नवव्या आठवड्यात ती संभाषणालाही बी-२ मध्ये परतली.

सोबतिणीचं काम दैवाने केलं. डच मुलीचे पाच आठवडे संपले. जाण्याआधीच हिने संस्थेत सांगून ठेवलं: पुढची मुलगी इंग्रजी बोलणारी नसेल तर बरं. जपानची एक मुलगी आली, जिला इंग्रजी जेमतेम. आता दोघींत समाईक भाषा एकच उरली, मोडकी स्पॅनिश. रात्री दिवा मालवल्यावर दोघी तिच्यातून गप्पा मारायच्या. त्या मोडक्या गप्पांचा उपयोग सगळ्या तासिकांहून जास्त झाला असं ती म्हणते. मला ते अतिशयोक्त वाटतं, पण ती म्हणते.

ग्रंथालय बंद केलं. त्याऐवजी शनिवारी सेन्योरांच्या यादीने बाजारहाट. प्लासा मायोरला लागूनच मंडई आहे. पहिल्या शनिवारी ती एका भाजीच्या गाळ्यापुढे पंधरा मिनिटं उभी राहिली आणि मागून येणारे पुढे जात राहिले. तिला वाटलं, रंगामुळे. घरी येऊन सांगितल्यावर सेन्योरांनी कपाळावर हात मारला. तिथे रांग दिसत नाही, पण असते. आल्या आल्या मोठ्याने विचारायचं: 'क्येन एस एल उल्तिमो?', शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं, तुम्ही त्याच्या मागे. विचारलं नाहीत तर तुम्ही तिथे नाहीच. पुढच्या शनिवारी तिने विचारलं. आवाज फाटला, पण एका आजीने हात वर केला.

गाळ्यावर दुसरा धडा. ती 'प्वेदो तेनेर' म्हणायची, 'मला मिळू शकेल का' अशा अर्थाने. इंग्रजी सभ्यपणाची जशीच्या तशी उचल. भाजीवाला गोंधळायचा. तिथे म्हणतात 'पोंगामे मेदियो किलो', अर्धा किलो घाला. मी तिला म्हटलं, "मंडईत भेंडी घेताना तू काय म्हणतेस?" "पाव किलो द्या." "मग?" पुन्हा ते "अय्या".

त्यानंतर हा आमचा खेळच झाला. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. आंबे अनेकवचनी म्हणून क्रियापद अनेकवचनी, दोन्हीकडे. घर बघते पण आईला बघते; स्पॅनिशमध्येही माणूस कर्म झाला की त्याला 'आ' लागतो, घराला नाही. 'त' आणि 'द' दातावरचे, जे इंग्रजांना जन्मात जमत नाहीत. सगळीकडे मराठी उपयोगी पडली असं मात्र नाही. हात पुल्लिंगी म्हणून ती 'एल मानो' म्हणत राहिली, आणि तिथे हात आहे स्त्रीलिंगी, 'ला मानो'. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असण्यां'पुढे मराठीचं 'आहे' अपुरं पडलं. तिथे पाठांतराला पर्याय नव्हता.

एक अडचण अगदी घरची होती. सेन्योरांना ती 'उस्तेद' म्हणायची, म्हणजे तुम्ही. त्या म्हणायच्या, 'तू' म्हण. हिची जीभ वळेना; पासष्टीच्या बाईला अरे-तुरे कसं करायचं? तिनेच तोडगा काढला. "मॅडम, मी बाबांना तुम्ही म्हणते पण आईला आणि मावशीला तू. सेन्योरा मावशी." झालं.

आणि फोन. हे सगळ्यात अवघड होतं आणि याबद्दल माझ्या मनात अजून खळखळ आहे. आईला सांगायचं कसं, की तुझ्याशी बोलणं कमी करायचंय? ठरलं असं: रोजचा फोन सकाळी पावणेआठला, वर्गाला निघताना, दहा मिनिटं. इकडे सव्वाबारा. मोठा फोन रविवारी. आईने 'बरं' म्हटलं आणि तीन दिवस फोनच केला नाही. चौथ्या दिवशी वडिलांनी मला मेसेज केला: "ती जेवत नाहीये नीट. इकडची, तिकडची नाही." मी काय उत्तर देणार? मी दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या, शेवटी नमस्काराचा हात पाठवला.

सोब्रेमेसाला बसायला लागल्यावर पहिले काही दिवस ती नुसती कॉफी ढवळायची. सहाव्या आठवड्यात शेजारीण भाड्याच्या वाढीबद्दल तावातावाने बोलत होती, तेव्हा हिने मध्येच पुण्यातल्या भाड्याचं सांगितलं. दोघी गप्प होऊन हिच्याकडे बघायला लागल्या. "मग? तिथे डिपॉझिट किती महिन्यांचं?" शेजारणीने विचारलं. त्या दिवशी वहीत आकडा होता ७५.

निष्पत्ती

शेवटच्या आठवड्यातली सरासरी दिवसाला दोन तासांच्या थोडी वर गेली होती. उच्चार सुधारला, वेग वाढला, आणि चुका वाढल्या. हो, वाढल्या. आधी ती बरोबर होईपर्यंत गप्प राहायची, आता चुकत बोलायची. सबजंक्टिव्हची लाडकी रूपं बोलताना गळायची. मला त्याचं काही वाटलं नाही. तिला मात्र वाटलं.

८ एप्रिलला 'लुनेस दे आग्वास' होता. ईस्टर झाल्यावर दुसऱ्या सोमवारी सालामांकाचे लोक तोर्मेस नदीकाठी जाऊन 'ओर्नासो' खातात, मांस आणि अंडी भरलेली मोठी पाव-कचोरी म्हणा. सेन्योरांनी एक छोटा वेगळा भाजून घेतला, आत फक्त अंडं आणि तळलेली ढोबळी मिरची. नदीकाठून हिने आईला व्हिडिओ कॉल लावला. सेन्योरा स्पॅनिशमध्ये, आई मराठीत, मध्ये ही. सेन्योरांनी विचारलं, मुलगी इतकी बारीक का? आई म्हणाली, हॉस्टेलवरही अशीच होती, खायला घाला म्हणावं. मध्ये इंग्रजी आलंच नाही. हे हिच्या लक्षात आलं नाही, मला रेकॉर्डिंग ऐकताना आलं.

परीक्षा तिने नोव्हेंबरमध्ये दिली. तोंडी परीक्षेआधी तयारीला वीस मिनिटं मिळतात, मग वीस मिनिटं बोलायचं. दोन्ही गट निघाले. बोलण्याच्या गटात ३२ आणि काही दशांश. जेमतेम. वडिलांच्या हिशेबात पाच लाखांना हे महाग पडलं आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे आकडा नाही. नोकरी लागली, पण हवी होती त्या कंपनीत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चार आठवडे गेले, म्हणजे एक तृतीयांश मुक्काम. ही चूक प्रामुख्याने माझी. ती वही पहिल्या सोमवारीच सुरू करायला हवी होती. आता जाणाऱ्या प्रत्येकाला मी ती देते, आणि तीत एक रकाना वाढवला आहे: स्पॅनिश चालू असताना तू उठून कुठे गेलास? आधीच्या वहीत बोललेली मिनिटं होती, सोडलेली नव्हती, म्हणूनच मला तो तास दिसला नाही.

प्रवेशाच्या चाचणीवर भरवसा ठेवायला नको होता. आता पाठवण्याआधी मी स्वतः अर्धा तास बोलते, न थांबता, मध्ये विषय बदलून, आणि त्याची ध्वनिफीत संस्थेला पाठवते. काही ठिकाणी ती ऐकतात, काही ठिकाणी नाही.

आईशी मी आधी बोलायला हवं होतं. तो निर्णय मुलीने तिकडून, गर्दीच्या वेळी, दहा मिनिटांत कळवला. निघण्याआधी चहाच्या टेबलाशी बसून बोललो असतो तर दुखणं कमी झालं असतं का, सांगता येत नाही. पण आईला आधीचा वेळ मिळाला असता. आता मी पालकांना बोलावते. एका आईने मला सरळ विचारलं, "म्हणजे तुम्ही मला माझ्या मुलाशी बोलू नको सांगताय?" हो, दुपारी सव्वातीनला नको, असंच सांगते आहे.

खालच्या वर्गात जाण्याचा सल्ला पुन्हा देईन का? संभाषणापुरता देईन. सरसकट नाही.

आणि माझा स्वतःचा वर्ग. मी आता फळ्यावर अर्थ इंग्रजीत लिहायचं टाळते. अडचण अशी की पुण्यातल्या वर्गात सगळे मराठी नसतात. गेल्या बॅचमध्ये 'मे गुस्ता' आलं तेव्हा मी म्हटलं, आपापल्या भाषेत सांगा. एकाने हिंदीतून 'मुझे पसंद है', एका मुलीने गुजरातीतून 'मने गमे छे', चेन्नईच्या मुलाने तमिळमधून 'एनक्कु पिडिक्कुम्'. कुणाच्याच वाक्यात 'मी' कर्ता नव्हता. पंचवीस मिनिटं त्यातच गेली आणि त्या दिवसाचं प्रकरण अर्धं राहिलं. परीक्षा सहा आठवड्यांवर होती, दोन मुलांनी तास संपल्यावर येऊन विचारलं, "मॅडम, हे पोर्शनमध्ये आहे का?"